तिकडची नदी उन्हानं चढते

गेल्या अंकात, हिमाचलात पार्वती नदीच्या काठी कसोलला एका बॅकपॅकर हॉस्टेलात आठ दिवस काढून आलो असं मी सहज दोन ओळीत लिहिलं, तर त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आलेत की संपादक म्हणाले पुढचं सदर त्यालाच देऊन टाका. निम्मे प्रश्न संडास-बाथरूमचे आहेत आणि मला त्यात काही चूक वाटत नाही, आपल्याकडचा माणूस परगावी गेला की आधी तेच बघतो. तर एकदाच सांगून टाकतो, बाथरूम कॉमन होतं, स्वच्छ होतं, गिझर होता आणि लाईट गेली की गिझरपण जायचा, आणि लाईट रोज जायची. आता बाकीचं.

प्रश्न : काका, आम्ही इंजिनिअरिंगचे पाच जण परीक्षा संपली की मे एंडला कसोलला जायलोय. हॉस्टेलात राहणार म्हटल्यावर आजी म्हणते, शिकायला जायलाईस की फिरायला? ते नेमकं कसं असतंय? आणि नदी म्हणे एकदम मागच्या दारात आहे. आम्ही सगळे मलप्रभेत पोहून मोठे झालोय, तिकडं पोहायला मिळतंय न्हवं?
(खानापूर)

आजीला सांगा, एस्टीच्या सीटसारखं असतंय ते. अख्खी खोली घ्यायची नाही, आपला बेड तेवढा बुक करायचा. एका खोलीत चार, सहा, आठ बेड, एकावर एक, शेजारी कोण येईल ते नशीब. माझ्या खोलीत पहिले दोन दिवस दिल्लीची पोरं होती, मग एक केरळचा नर्सिंगचा विद्यार्थी आला आणि शेवटी एक इस्रायली, जो दिवसभर झोपायचा. बेडला पडदा, उशाशी चार्जिंगचा पॉइंट, खाली लॉकर. लॉकरचं कुलूप बहुतेक ठिकाणी आपलं आपणच न्यायचं असतं, मी घरातलं गोठ्याचं जाडजूड कुलूप नेलं आणि ते कडीतच शिरेना, मग काउंटरवरून भाड्यानं घेतलं, तर बारीक दांड्याचं न्या. आधार कार्ड नाहीतर पत्ता असलेलं दुसरं सरकारी ओळखपत्र लागतंच, पॅन कार्ड चालत नाही. काउंटरवरच्या पोरानं माझं आधार बघून "बेंगलोर से?" विचारलं, मी म्हटलं बेळगाव, त्याला कळेना, शेवटी आपण सगळे जे सांगतो तेच सांगितलं, "गोवा के पास".

आता पोहायचं. नाही म्हंजे नाही, आणि का नाही ते नीट सांगतो कारण नुसतं नको म्हटल्यावर तुम्ही ऐकणार नाही, मी पण तुमच्या वयात ऐकलं नसतं.

आपली मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पावसावर जगते. मे महिन्यात खानापूरच्या घाटावर निम्मे दगड उघडे, पाणी कोमट, आणि नदी चढायची तर आधी तिकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आभाळ काळं होणार, हे आपल्याला न शिकवता कळतं. त्यामुळं आपल्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला असतो, आभाळ निरभ्र असलं की नदी शांत. पार्वतीला हा हिशोब लागूच नाही. ती बर्फाच्या पाण्यावर चालते. मे-जूनमध्ये ऊन जेवढं कडक तेवढं वर बर्फ जास्त वितळणार, आणि सकाळी वितळायला लागलेलं पाणी डोंगरातून खाली पोचेपर्यंत दुपार उलटते, म्हणून नदी पहाटे सगळ्यात खाली असते आणि दिवस कलताना चढत जाते. ढगाचा एक पुंजकासुद्धा नसताना!

हॉस्टेलच्या मागं म्हशीएवढा एक दगड होता. पहिल्या दिवशी सकाळी आठला मी त्यावर बसून चहा प्यालो, दगड निम्म्यापर्यंत कोरडा, मधोमध एक काळपट रेघ, तिच्या खाली पुसल्यासारखा गुळगुळीत. मला वाटलं जुन्या कुठल्यातरी पुराची खूण असेल. पायातल्या चपला दगडाच्या बुडाशी काढून ठेवल्या होत्या (कोल्हापुरी म्हणतात खरं अथणीत घेतलेल्या, चांगल्या दुहेरी तळाच्या), नाश्त्याची हाक आली तसा अनवाणीच वर गेलो, मग बूट घालून मणिकरणला गेलो आणि चपला साफ विसरलो. साडेचारला परत येऊन बघतो तर दगड नाही. म्हंजे होता, वीतभर पाठ तेवढी वर, आणि तिच्यावरून दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी धडधडत चाललेलं. चपला खाली भुंतरला, पार्वती जिथं बियास नदीला मिळते तिथं, बियासमध्ये गेल्या असणार आणि तिथून पंजाबच्या वाटेला. किचनमधला पोरगा शांतपणे म्हणाला, ती काळी रेघ जुन्या पुराची नव्हे, कालच्या संध्याकाळची होती.

दुसरं म्हंजे थंडी. त्या पाण्यात हात घालून वीसपर्यंत मोजा, मी सतराला काढला. अशा पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्यांदा जोरात श्वास ओढतो, ते आपल्या हातात नसतंच, आणि तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच ओढतो. त्यातनं वाचला तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, मग पट्टीचा पोहणारा असू दे नाहीतर कोण असू दे. आणि तिसरं, वर बरशैणीपाशी धरण आहे, पार्वती जलविद्युत प्रकल्पाचं, आणि बियासवर पण प्रकल्प आहेत. ८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात लारजी धरणाचं पाणी सोडलं तेव्हा खाली बियासच्या पात्रात दगडांवर उभं राहून फोटो काढणारे हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, त्यांच्याबरोबरचा टूरचा माणूसही. ते पोहायलासुद्धा उतरले नव्हते. तुमच्याच वयाचे, तुमच्यासारखेच सहलीला बाहेर पडलेले, म्हणून तारखेसकट लिहिलं.

पाण्याचीच हौस असेल तर कसोलपासून चार किलोमीटरवर मणिकरणला गुरुद्वाऱ्यात गरम पाण्याच्या कुंडात डुंबा. तिथं उकळत्या झऱ्यात तांदळाच्या पुरचुंड्या बांधून सोडतात आणि भात शिजून वर येतो, ते मी दहा मिनिटं तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. दोन मैत्रिणींबरोबर अशाच हॉस्टेलात राहणार म्हणते, लेडीज डॉर्म आहे म्हणे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिकडं गांजा-चरस फार असतं असं ऐकलं, ते खरं का? नाही म्हणायला जीव होत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही.
(शहापूर, बेळगाव)

ताई, आधी ह्यांना सांगून टाका, गाडी सुटल्यावर कळलं तर ते हॉस्टेलपेक्षा महागात पडेल.

लेडीज डॉर्म, म्हंजे फक्त बायकांची बेडवाली खोली, खरंच वेगळं असतं, पण बुकिंगच्या पानावर लिहिलंय तेवढ्यावर विसंबू नका, मुलीलाच फोन करून दोन-तीन गोष्टी विचारायला लावा. बाथरूम त्या डॉर्मच्या आत आहे की रात्री कॉरिडॉर ओलांडून जावं लागतं? रात्री दोनला काउंटरवर कोणी जागं असतं का, की मालक घरी जाऊन झोपतो? मेन रोडपासून हॉस्टेलपर्यंत गाडी येते की शेवटचा तुकडा चालत? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि खरी पंचाईत तिथंच होते, नदीकाठची बरीच हॉस्टेलं रस्त्यावरून खाली पायवाटेनं उतरून किंवा लाकडी पूल ओलांडून असतात, दिवसा फार सुंदर दिसतं, रात्री साडेनऊला पाठीवर बॅग घेऊन, मोबाईलच्या उजेडात, अजिबात नाही. दिल्लीहून रात्रीच्या बसनं निघालं की भुंतरला सकाळीच पोचतात, तेच बरं, दिवसाची कनेक्शनं धरून अंधारात पोचू नये. आणि ११२ नंबर तिकडं पण तोच.

चरसचं ऐकलंत ते खरं आहे, लपवत नाही. कॅफेच्या बाहेर, नदीकाठी, कोणी ना कोणी विचारतंच. नाही म्हटलं की पुढं जातात, मागं लागलेलं मी तरी बघितलं नाही, माझ्यासारख्या टकलू माणसाला पण विचारलं म्हंजे बघा. मुलीला एवढं समजावून सांगा की भुंतर ते कसोल रस्त्यावर पोलिस बस थांबवून बॅगा उघडतात, १९८५ चा एनडीपीएस, म्हंजे अमली पदार्थांचा कायदा आहे, अगदी चिमूटभर सापडलं तरी एक वर्षापर्यंत आत जाऊ शकतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे हॉस्टेलात भेटलेल्या गोड माणसानं "माझी एवढी पिशवी भुंतरपर्यंत ने" म्हटलं तर न्यायची नाही. आपल्या पोरी भिडस्त असतात, नाही म्हणता येत नाही. ते घरातच शिकवून पाठवा.

प्रश्न : पोरगं जुलैमध्ये मित्रांबरोबर चाललंय. फोटो दाखवला, खोलीच्या भिंतीला लागून नदी. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं कृष्णेचं पाणी होतं, मला तो फोटो बघवेना. पोरगं म्हणतंय, पप्पा, नदी किती लहान आहे बघा की. माझंच चुकतंय काय?
(चिकोडी तालुका)

तुमचं चुकत नाही दादा. उलट तुम्हाला जेवढं वाटतंय त्यापेक्षा ते जास्त धोक्याचं आहे, कारण कृष्णा सांगून येते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, राजापूर बंधाऱ्यावरचा आकडा येतो, कल्लोळ-यडूरचा पूल बुडाला की पाणी कुठवर येणार ते म्हातारी माणसं ओट्यावर बसून सांगतात, जनावरं हलवायला एक रात्र तरी मिळते. २०१९ ला अंदाज चुकला, आकडे मागं पडले, ते मान्य, पण सांगून आली होती. डोंगरातली नदी सांगत नाही. तिकडं वर एखाद्या नाल्यावर ढगफुटी झाली की त्या चिंचोळ्या दरीतून पाणी, दगड, झाडं सगळं एकदमच येतं, आणि खाली हॉस्टेलवर तेव्हा पाऊस पडत असेलच असं पण नाही. जुलै २०२३ मध्ये, ९ आणि १० तारखेला, कुल्लू-मनाली भागात बियासनं हायवेचे तुकडे आणि काठावरच्या इमारती नेल्या, ते व्हिडिओ पोराच्या मोबाईलवर पण आले असतील, त्याला परत एकदा काढायला लावा.

म्हणून जुलै-ऑगस्ट नकोच. रस्ते पण खचतात, दरडी येतात, अडकून पडलं तर चार-चार दिवस. आपल्याकडं कर्नाटकात शाळा-कॉलेजला दसऱ्याची सुट्टी असते, ती सोन्यासारखी वेळ आहे, पाऊस संपलेला, आकाश धुतलेलं, नदी उतरलेली आणि निळी. महाराष्ट्रातली गर्दी दिवाळीला येते, आपण त्यांच्या आधी जाऊन यायचं. सीमाभागात राहायचा एवढा तरी फायदा.

आणि दसऱ्यात गेला तरी जागा बघून घेऊ दे. मला जे तिकडच्या लोकांनी दाखवलं ते सांगतो. एक, हॉस्टेलच्या आवारात, पायऱ्यांपाशी, पार्किंगमध्ये दगड कसले आहेत ते बघायचं. गोल, गुळगुळीत दगड असतील तर ती जागा नदीची, कधीतरी ती तिथून गेलेली आहे. कोनेदार, धारदार दगड असतील तर ते डोंगरावरनं आलेले (मग वर बघायचं, दरड कुठली आहे, तो वेगळा त्रास). दोन, आजूबाजूला छोटा नाला नदीला मिळतोय का? त्या नाल्याच्या तोंडाशी पसरलेली सपाट जमीन फार मोहात पाडते, कॅम्प आणि हॉस्टेलं नेमकी तिथंच बांधतात, आणि नाला जेव्हा चवताळतो तेव्हा नेमका तिथंच पसरतो, ती सपाटी त्यानंच तर केलेली असते. तीन, जुनं गाव कुठं आहे ते बघा. लाकूड-दगडाची जुनी घरं, गावाचं देऊळ, ते बहुतेक वर उतारावर असतंय. खाली नदीला चिकटून जे आहे ते सगळं गेल्या वीस-तीस वर्षांतलं सिमेंटचं. आपल्याकडं नाही का, जुनी वाडी उंचवट्यावर आणि नवीन प्लॉट पाडलेले ओढ्यात!

नदी दिसावी, ऐकू यावी, त्यासाठी भिंतीला लागून असायची गरज नसते. पन्नास-साठ फूट वर असलेल्या हॉस्टेलातनं पण तेवढीच दिसते.

प्रश्न : वय ६४. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला, हिमालय फळ्यावर काढला, प्रत्यक्ष बघितला नाही. हॉटेलचं एकट्याचं भाडं परवडत नाही. अशा हॉस्टेलात म्हाताऱ्याला घेतात का? मी घोरतो.
(निपाणी)

सर, घोरण्याचं आधी. मी पण घोरतो, तिसऱ्या दिवशी केरळच्या पोरानं मला न बोलता कानात घालायच्या बोळ्यांची पुडी दाखवली, तो तयारीनिशी आला होता. अनुभवी लोक असतातच तयारीत. तुम्हीच दोन पुड्या जास्तीच्या नेऊन खोलीत वाटा, मैत्री पण होईल.

वयाचं म्हणाल तर काही हॉस्टेलं वरची वयोमर्यादा घालतात, नियमाच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं, पैसे भरायच्या आधी वाचा. बरीच घालत नाहीत. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचं मेंबर झालात तर नावात यूथ असलं तरी ज्येष्ठांना पण घेतात. आणि तुमच्या पेशाचा हक्कच आहे म्हणा, ही कल्पनाच मुळात एका शाळामास्तराची. जर्मनीत रिचर्ड शिरमान म्हणून शिक्षक होते, १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळी पावसात सापडले, एका गावच्या शाळेत रात्र काढली आणि डोक्यात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, तिथं फिरणाऱ्या पोरांना स्वस्तात झोपायला का देऊ नये. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं यूथ हॉस्टेल कायमचं सुरू झालं, लेने नदीच्या काठावरच्या डोंगरात. म्हंजे नदीकाठी, डोंगरात, पहिल्यापासूनच.

खालचा बेड फोनवरच पक्का करून घ्या. वरच्या बेडची शिडी लोखंडी, उभी, पायाला रुतणारी, रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाचं ते काम नव्हे. कसोल तुम्हाला आवडेल असं मला वाटत नाही, गाणी मोठ्यानं आणि मेनूवर हमस-शाक्षुका असले इस्रायली पदार्थ. तीर्थन खोऱ्यात जा. मनालीची बस औटला सोडायची, तिथून बंजार, पुढं गुशैणी. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क शेजारी आहे, २०१४ पासून जागतिक वारसा यादीत. नदीत ट्राउट मासे, सिड्डू म्हणून वाफवलेला आंबवलेल्या कणकेचा प्रकार मिळतो, आत अक्रोड नाहीतर खसखशीचं सारण, वरनं तूप. आपल्या बेळगावी मांडे या पक्वान्नाची सर नाही त्याला, पण थंडीत गरम गरम बरा लागतो. उंचीचा त्रास म्हणाल तर या गावांत सहसा होत नाही, तो अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, तरी बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून निघा.

प्रश्न : जायचं कसं, खर्च किती, काय न्यायचं, थोडक्यात सांगा.
(टिळकवाडी)

थोडक्यात. गोवा एक्सप्रेसनं दिल्लीच्या निजामुद्दीनला, गाडीत दोन रात्री. कश्मीरी गेटवरून रात्रीची मनालीची बस, भुंतरला उतरायचं, तिथून कसोल तीस किलोमीटर. सांबऱ्याहून, आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, विमान परवडलं तर दिल्लीपर्यंत ते. मी गेलो तेव्हा डॉर्मचा बेड रोज सहाशेला पडला, लाँग वीकेंडला त्याचेच दुप्पट मागतात. कॅश भुंतरलाच काढून ठेवा, वर मला दोन एटीएम रिकामी लागली. शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो न्या, मी पाव किलो नेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या डॉर्मनं मिळून संपवली, मॅगीवर घालून, काय बोलणार. कुंदा गाडीतच संपतो, तो मोजू नका.

प्रश्न : एवढ्या जवळ नदी असली की आवाजानं झोप येते का हो?
(वडगाव, बेळगाव)

पहिल्या रात्री नाही येत. आवाज कमी-जास्त होत नाही, लाटेसारखा येत-जात नाही, एकसारखा सुरूच, आणि तो कानापेक्षा गादीतून जास्त येतो. दुसऱ्या रात्रीपासून बरी लागते. पहिल्या रात्री मात्र तीनच्या सुमाराला माझा डोळा लागला आणि लगेच उघडला, पाण्याचा आवाज, अंधार, आणि मी आयुष्यभर बेळगावात राहिलेला माणूस, चार दिवसाआड येणाऱ्या नळाचा. ताडकन उठलो, पाय खाली टाकला आणि मोठ्यानं ओरडलो, "अगं ऊठ, पाणी आलं!" वरच्या बेडवरचा दिल्लीचा पोरगा पडदा सरकवून म्हणाला, "अंकल, सो जाओ."